कुत्र्याजवळ कुणीतरी हवं

चंद्रिकाबाई उंबरजे यांना कुत्र्यामांजरांची आवड कधीच नव्हती. माहेरी, अक्कलकोटच्या पलीकडं कर्नाटकच्या हद्दीजवळच्या गावात, म्हशी होत्या, बैल होते. कुत्रं असायचं ते रानात, वस्तीवर. घराच्या उंबऱ्याच्या आत त्याला येऊ देत नसत. त्यामुळं मुलानं आणि सुनेनं पुण्याहून एक तपकिरी, धापा टाकणारं लॅब्राडोर गाडीतून आणलं आणि जुळे सोलापुरातल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये सोडलं, तेव्हा त्या पदर सावरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या आणि तिथूनच म्हणाल्या, “हे चावतंय काय रे?”

“नाही अव्वा,” बसवेश म्हणाला. “मोका नाव आहे त्याचं. लई गरीब आहे.”

चंद्रिकाबाईंना वाटलं, मोका म्हणजे संधी. मोका कॉफीचा एक प्रकार असतो आणि कुत्र्याचा रंग तसा म्हणून ते नाव, हे सुनेनं, सृष्टीनं, नंतर सांगितलं. सृष्टी करमाळ्याची, बोलायला मोकळी पोर. पुण्यात दोघंही कंप्युटरच्या कंपनीत. घरून काम चालू होतं तोवर कुत्र्याचं सगळं नीट चाललं होतं; मग ऑफिसं उघडली आणि घरमालकानं कुत्रं चालणार नाही म्हणून कळवलं. “दोन महिने ठेव अव्वा,” बसवेश म्हणाला. “दुसरं घर मिळालं की नेतो.”

दुसरं घर मिळालं. तिथल्या सोसायटीत कुत्र्यांवरून भांडणं चालली होती. मग तिसरं घर मिळालं, ते अकराव्या मजल्यावर. तोवर मोकाला सोलापूरची सवय झाली होती आणि चंद्रिकाबाईंकडं मोका आहे, ही गोष्ट सगळ्यांच्या अंगवळणी पडून गेली होती.

अशी सवय लोकांना चंद्रिकाबाईंच्या बाबतीत आधीपासूनच होती. लग्न होऊन त्या सोलापुरात मंगळवार पेठेत आल्या तेव्हा खाली भुसाराचं दुकान आणि वर राहायच्या दोन खोल्या. सासूबाई शिवबाई तेव्हा हिंडत्याफिरत्या होत्या. बसवेश बालवाडीत जात होता तेव्हा शिवबाईंची डावी बाजू गेली, आणि त्या वारल्या तेव्हा बसवेश इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला लागला होता. शिवबाईंना घरात सगळे अव्वा म्हणत, आणि मधल्या सगळ्या काळात एक वाक्य असायचं: अव्वाजवळ कुणीतरी हवं. ते वाक्य ठरवून कुणी चंद्रिकाबाईंकडं बघून म्हणत नसे. म्हणायची गरजच नसे. नात्यातलं लग्न असलं की नवरा, प्रभुलिंग, इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा आणि संध्याकाळी बुंदीच्या लाडवांची पिशवी घेऊन यायचा. माणूस वाईट नव्हता. लाडू हातात देताना तो लग्नात कोण भेटलं, कुणी कुणी बायकोची चौकशी केली, सगळं सांगायचा. ऐकता ऐकता चंद्रिकाबाई सासूला कुशीवर वळवायच्या. बायकोच्या मनात त्या वेळी काय चाललंय, हे त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

सासूबाई गेल्यावर प्रभुलिंग म्हणाला होता, आता आपण दोघं हिंडू. पण त्याच पावसाळ्यात दुकानात, ज्वारीच्या पोत्याला टेकून बसल्या बसल्या, त्याचं हृदय बंद पडलं. दुकान बंद झालं, जुनी जागा गेली, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तेवढा त्यानं आधीच बायकोच्या नावानं घेऊन ठेवला होता. वर्षभर त्या सुन्न होत्या. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं, की सकाळी आपण कुलूप लावून बाहेर पडलो तर मागं कुणीच हाक मारत नाही. त्या वर्षी त्या सिद्धेश्वराच्या जत्रेला, गड्ड्यावर एकट्या गेल्या, पाळण्याजवळ उभं राहून ऊस खाल्ला. भजनाच्या बायकांबरोबर बदामी आणि कूडलसंगम करून आल्या. काही महिने असे गेले, आणि मोका आला.

सकाळ-संध्याकाळ त्याला खाली न्यावं लागे. लिफ्ट होती, पण ती बहुतेक वेळा बंद. कुत्रं पस्तीस किलोचं, जिन्यावरून ओढत न्यायचं त्यांना. गुडघे आधीच दुखत होते, ते आता बोलायला लागले. एकदा त्यांनी मोकाला होटगी रस्त्यावर कुत्री सांभाळणाऱ्या एकाकडं ठेवलं आणि भाचीच्या लग्नाला गेल्या. हळदीच्या दिवशीच फोन आला, कुत्रं अन्न घेत नाही, रडतंय, न्या. त्या अक्षता टाकायच्या आधी परत निघाल्या. शेजारच्या श्रीदेवीबाई समजूतदार होत्या, पण त्यांना कुत्र्याचे केस सहन होत नसत; शिंका सुरू व्हायच्या. तेव्हापासून चंद्रिकाबाईंनी कुठं जायचं म्हणणंच सोडलं. कुणी बोलावलं तर त्या हसून म्हणायच्या, “आमचं बाळ हाय की घरी.” लोक हसायचे. त्याही हसायच्या.

आणि यातली खरी पंचाईत अशी, की त्यांना ते कुत्रं आवडायला लागलं होतं. पुण्याहून आलं तेव्हा त्याला ‘सिट’, ‘स्टे’ एवढंच कळायचं. आता त्याला कानडी कळत होतं. ‘बा’ म्हटलं की यायचं, ‘साकु’ म्हटलं की थांबायचं. सकाळी त्या इष्टलिंगाच्या पूजेला बसल्या की ते चार हात लांब, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून पडून राहायचं आणि पूजा संपल्याशिवाय हलायचं नाही.

फेब्रुवारीत सृष्टीचा फोन आला. तिचा आवाज उत्साहानं भरलेला होता. “आई, शनिवार-रविवार आपण सगळे बाहेर जाऊ. माळशिरसच्या बाजूला एक वायनरी आहे. द्राक्षांच्या बागा, राहायला खोल्या. आणि तिथं कुत्र्याला परवानगी आहे. मोकासकट या म्हणतात. म्हणजे तुम्हाला यायला काही अडचणच नाही.”

“वायनरी म्हणजे?”

“द्राक्षाची वाईन करतात ना, तिथं.”

श्रीदेवीबाईंना हे कळल्यावर त्यांनी तोंडाला पदर लावला. “अय्या, दारूच्या कारखान्यात जाणार तुम्ही? गळ्यात लिंग घालून?”

“मी कुठं पिणार हाय,” चंद्रिकाबाई म्हणाल्या. “बाग बघायची. एक रात्र दुसऱ्याच्या घरचं अंथरूण.”

पण त्यांनी तयारी मात्र मोठ्या हौसेनं केली. इरकल साडी काढून उन्हात टाकली. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे, सगळं बांधून घेतलं. मोकासाठी वेगळी पिशवी केली. शुक्रवारी मुलगा-सून आली तेव्हा त्या पोरीसारख्या हसऱ्या होत्या. बसवेशनं ते पाहिलं आणि बायकोकडं बघून मान खाली घातली. चंद्रिकाबाईंच्या ते नजरेत आलं, पण त्यांनी मनाला लावून घेतलं नाही.

शनिवारी सकाळी मोहोळ, पंढरपूर करत गाडी निघाली. मागच्या सीटवर त्या आणि मोका. मोकाचं डोकं त्यांच्या मांडीवर, इरकलवर लाळ. उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते. पुढं दोघं फारसं बोलत नव्हती. चंद्रिकाबाई मात्र दिसेल ते सांगत होत्या: ही डाळिंबं, ही केळी, हे कुणाचं तरी नवं घर. कितीतरी वर्षांनी खिडकीतून बाहेर बघत होत्या.

वायनरी माळरानावर होती. एका बाजूला तारेवर चढवलेल्या वेलींच्या सरळ ओळी, मधोमध दगडी इमारत, तिची मोठी गच्ची, आणि उतारावर राहायच्या खोल्या. काउंटरवरच्या मुलीनं मोकाला बिस्किट दिलं, त्याच्या गळ्यात द्राक्षांचं चित्र असलेला रुमाल बांधला आणि मग गोड आवाजात नियम सांगितले. कुत्र्याला जेवणाच्या हॉलमध्ये आणता येणार नाही. तळघरात, जिथं वाईन चाखायला देतात, तिथंही नाही. गच्चीवर नाही, पोहायच्या तलावाजवळ नाही. बागेत फिरवणाऱ्या गाडीत नाही. आणि खोलीत त्याला एकटं सोडता येणार नाही.

“मग परवानगी कशाची आहे?” चंद्रिकाबाईंनी सरळ विचारलं.

मुलगी हसली. “राहायची, मॅडम. खोलीमागं त्याच्यासाठी खास अंगण आहे.”

बसवेश म्हणाला, “आळीपाळीनं थांबू आपण. एक जण कुत्र्याजवळ, दोघं बाहेर.”

पहिल्यांदा कोण, यावर चर्चा झालीच नाही. तळघरातला कार्यक्रम दुपारी होता आणि चंद्रिकाबाईंना वाईन प्यायची नव्हती. “तू तरी तिथं काय करणार अव्वा,” बसवेश म्हणाला, “आम्ही तासाभरात येतो. मग सृष्टी थांबेल, आपण दोघं बागेत जाऊ. ती गाडी असते ना, तिच्यातनं.” हे बरोबरच होतं. प्रत्येक वेळी ते बरोबरच असायचं.

खोली सुंदर होती. एक अख्खी भिंत काचेची. पलंग एवढा मऊ, की त्यावर बसलं तर उठायला आधार लागावा. चंद्रिकाबाई कडेला टेकल्या. मोका काचेला नाक लावून उभा राहिला. बाहेर वेली होत्या, ऊन होतं, लांबून गाण्याचा आवाज येत होता. त्यांनी एक कडक भाकरी मोडली, चटणीला लावली, थोडी खाल्ली, थोडी त्याला दिली. ही आपली मंगळवार पेठेतली मागची खोलीच आहे, त्यांच्या मनात आलं, फक्त भिंत काचेची आहे. तिथून निदान बाहेरचं दिसत तरी नव्हतं.

मोका कुंई कुंई करायला लागला तेव्हा त्या त्याला घेऊन काचेचं दार उघडून मागच्या अंगणात गेल्या. अंगण म्हणजे हिरवळीचा एक तुकडा, भोवती छातीएवढ्या उंचीची जाळी, जाळीला लोखंडी फाटक. एका कोपऱ्यात कुत्र्यासाठी पाण्याचं भांडं. मोकानं कोपरा गाठला, मोकळा झाला. त्या परत फिरल्या तर काचेचं दार मिटलेलं. खेचलं, ढकललं, हललं नाही. ते आपोआप लागणारं होतं आणि उघडायचं कार्ड आत टेबलावर होतं. फोनही तिथंच. त्या फाटकाकडं गेल्या. फाटकाची कडी बाहेरच्या बाजूला, खाली, हात पोचणार नाही अशी बसवलेली.

सुरुवातीला त्यांना काहीच वाटलं नाही. येतीलच की तासाभरात. बसायला काही नव्हतं म्हणून त्या हिरवळीवर बसल्या. ऊन डोक्यावर होतं, सावलीची एक पट्टी भिंतीलगत, तीत मोका मावला. त्यांनी पदर डोक्यावरून घेतला. तिथून दगडी इमारतीची गच्ची सगळी दिसत होती. माणसं यायची, जायची. थोड्या वेळानं खालच्या चौकात लाकडाचे मोठे टब आणले, त्यांत काळी द्राक्षं ओतली आणि माणसं विजारी गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांत उतरली. गाण्याच्या तालावर द्राक्षं तुडवायची, असा तो खेळ होता. त्यात बसवेश आणि सृष्टी दिसली. एकमेकांचे हात धरून नाचत होती. बसवेश मान मागं टाकून हसत होता. मुलगा असं हसलेला त्यांनी कॉलेजनंतर पाहिला नव्हता. तो असं हसू शकतो, हे बघून त्यांना बरं वाटलं.

हाक मारावी का? आवाज तिथपर्यंत गेला असता. पण काय म्हणून मारायची? मी कुत्र्याच्या पिंजऱ्यात अडकले, असं? एवढ्या माणसांत? मुलगा खेळ सोडून पळत येईल, सगळे बघतील, त्याचं हसू जाईल. त्या बसून राहिल्या. खालच्या पायवाटेनं एक जोडपं चाललं होतं, त्यातल्या बाईनं मोकाला बघून हात हलवला, मग फोन काढून दोघांचा फोटो घेतला. “हाऊ क्यूट,” असं काहीतरी ती म्हणाली. चंद्रिकाबाईंनी हसून मान हलवली. बाई पुढं गेली. ती दिसेनाशी झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की तिला एवढंच सांगायचं होतं, बाई, ती कडी काढा. एवढं साधं वाक्य तोंडातून निघालं नव्हतं.

ऊन कललं. बाथरूमला जायची गरज वाढत चालली. मोकाच्या भांड्यातलं पाणी त्यांना दिसत होतं. तहान कितीही लागली तरी त्या तिकडं बघेनात. आत टेबलावर फोन एकदा वाजून बंद झाला. त्याचा उजेड काचेतून दिसला.

मग चौकात ती उघडी गाडी आली. बागेत फिरवणारी. माणसं पाय धुऊन, चपला घालून तीत चढायला लागली. सृष्टी चढली. बसवेश एक पाय ठेवून थांबला, खोल्यांच्या दिशेनं बघितलं, मनगटावरचं घड्याळ बघितलं. चंद्रिकाबाई उठून उभ्या राहिल्या. आता तो येणार. तो चढला, आणि गाडी वेलींच्या ओळीत वळली.

“बसवा,” त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्या त्यांनाच ऐकू आला नाही. घसा खाकरून त्यांनी पुन्हा हाक मारली, “ए बसवा, बा इल्लि, इकडं ये.” मग मोठ्यानं. मग आणखी मोठ्यानं, जाळी दोन्ही हातांनी धरून, जशी लहानपणी रानातून म्हशी वळवायला मारायच्या तशी. आपल्या गळ्यात एवढा आवाज उरलाय, हे त्यांना माहीत नव्हतं. मोका दचकून उठला आणि त्यांच्या शेजारी उभा राहून भुंकायला लागला. गाडी गेली. चौकातलं गाणं चालूच होतं.

भुंकणं ऐकून वेलींच्या ओळीतून एक म्हातारा माळी बाहेर आला. हातात कात्री, डोक्याला टॉवेल. तिथं सगळे त्याला रावजी म्हणत, हे त्यांना नंतर कळलं.

“काय झालं मावशी?”

“कडी काढा.”

त्यानं वाकून कडी काढली. “ही मुद्दाम भायेर बसवलीया. कुत्र्यानं उघडू न्हाय म्हणून.”

“आणि माणूस अडकलं तर?”

रावजी विचारात पडला. “माणूस हितं कशाला ऱ्हातंय?” मग त्यानं त्यांच्या तोंडाकडं बघितलं. त्यानं कमरेची बाटली काढून दिली. त्यांनी वरून धार धरून पाणी प्यायलं, सगळं संपवलं. माळ्यांच्या बायकांची मोरी कुठं आहे ते विचारून तिथं जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा रावजी मोकाची साखळी धरून उभा होता आणि मोका त्याचा हात चाटत होता.

“खोलीचं दार उघडून देतो की, सायबाला सांगून,” रावजी म्हणाला.

“नको. ती गाडी कुठनं परत येतीय?”

त्यानं हात केला तिकडं त्या चालायला लागल्या. साडीचा ओचा खोचलेला, पुढं कुत्रं. दोन्हीकडं द्राक्षं लागलेली होती, लहान, काळीभोर, दाट घोसांची. आपल्याकडच्या खायच्या द्राक्षांसारखी नव्हती. एक तोडून तोंडात टाकलं तर गोड होतं, पण आत बी आणि साल जाड. गुडघे दुखत होते. त्यांना राग आलाय, हे त्यांना चालता चालता कळलं. राग एकट्या बसवेशवर नव्हता. नेमका कुणावर आहे ते सापडत नव्हतं, म्हणून तो पायांतच राहिला आणि त्या भराभर चालत राहिल्या.

गाडी समोरून आली आणि थांबली. आत आठ-दहा माणसं. बसवेश उडी मारून उतरला. “अव्वा, तू इथं? आम्ही फोन केला होता, तू उचलला नाहीस, म्हटलं झोपली असशील. म्हणून म्हटलं एक फेरी मारून येऊ.” त्याच्या तोंडाला आंबूस वास होता. पावलं अजून जांभळी होती.

चंद्रिकाबाईंनी मोकाची साखळी त्याच्या हातात दिली. “आता तू थांब,” त्या म्हणाल्या आणि गाडीत चढून त्याच्या जागेवर बसल्या. ड्रायव्हर मागं वळून बघू लागला. “अजून एक फेरी मारा,” त्यांनी त्याला सांगितलं. “मी बघितलेलं नाही.”

बाकीच्या माणसांना काही कळलं नाही. ड्रायव्हरनं गाडी वळवली. बसवेश कुत्र्याला धरून वाटेवर उभा राहिला आणि लहान होत गेला.

सृष्टी सासूशेजारी बसली होती. तिनं हळूच विचारलं, “काय झालं आई?” चंद्रिकाबाईंनी सांगितलं. दार कसं लागलं, कडी कुठं होती. तुम्ही नाचत होता ते दिसत होतं, हेही सांगितलं. सृष्टीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते एवढ्याशा गोष्टीच्या मानानं जास्त होतं. चंद्रिकाबाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं.

“आणखी काय हाय?” त्या म्हणाल्या. “शुक्रवारपासून तुम्ही दोघं माझ्या तोंडाकडं बघत नाही.”

“उद्या सांगणार होतो आम्ही. जेवताना.” सृष्टी खाली बघत होती. “आम्ही तीन वर्षांसाठी परदेशी चाललोय. हॉलंडला. जूनमध्ये. मोकाला एवढ्या लांब नेता येत नाही, त्याचं वय झालं. बसवेश म्हणाला, आधी तिला छान कुठंतरी नेऊ, मग सांगू.”

गाडी खाचखळग्यांतून चालली होती. मागचा एक माणूस ही कुठली जात, ती कुठली, असं द्राक्षांबद्दल मोठ्यानं सांगत होता. चंद्रिकाबाईंना उतरून जावंसं वाटलं, पण गाडी बागेच्या अगदी मधोमध होती आणि फेरी आपणच मागून घेतली होती. त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या. तीन वर्षं. मोका तेवढा जगेल की नाही, हा विचार आधी आला, आणि आपल्या मनात हा विचार कशासाठी आला, मोकावरच्या मायेपोटी की सुटकेसाठी, ते ओळखता येईना, म्हणून त्या घाबरल्या.

संध्याकाळी खोलीच्या पायरीवर तिघं बसली होती. मोका खाली फरशीवर. बसवेशनं दोनदा माफी मागितली होती. आता तो म्हणाला, “तुला नको असेल तर सांग अव्वा. कुत्र्यांना सांभाळणाऱ्या संस्था असतात. चांगल्या. तिथं देऊ त्याला.”

आपलं नाव निघालेलं नसतानाही मोकानं मान वर करून चंद्रिकाबाईंकडं पाहिलं. होटगी रस्त्यावरून त्याला परत आणलं होतं तेव्हा तो तीन जिने त्यांच्या आधी चढून दारात बसला होता, जीभ बाहेर, शेपटी आपटत.

“आज विचारायलास,” त्या म्हणाल्या. “चार वर्षं झाली. तेव्हा विचारलास काय?”

“तू कधी काही बोललीच नाहीस.”

“तुझी आजी पडून होती तेव्हाबी मी बोलले नाही. तुझा बाप लाडू आणून द्यायचा, मी खायची.” बसवेश त्यांच्याकडं बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं, की पोराला हे खरंच माहीत नव्हतं. त्याच्या लेखी आई घरी असायची, कारण आई घरीच असते. त्याला रागवावं एवढाही तो दोषी नव्हता. हे कळून त्यांना हलकं वाटलं नाही; उलट, इतकी वर्षं आपण कुणाच्या दिसण्यातच नव्हतो, हे जड झालं.

मग त्या म्हणाल्या, “कुत्रं कुठं द्यायचं नाही. ते माझ्याकडंच ऱ्हाईल. पण मी तिसऱ्या मजल्यावर ऱ्हाणार नाही. फ्लॅट भाड्यानं द्यायचा आणि खाली जमिनीवर घर बघायचं. पुढं अंगण पाहिजे. जायच्या आधी तू स्वतः हिंडून बघायचं, मला फोटो पाठवायचे नाहीत.”

“अव्वा, तो एरिया चांगला आहे, सोसायटीला वॉचमन आहे, तू एकटी खाली...”

“फ्लॅट माझ्या नावावर हाय बसवा.”

त्या एवढंच म्हणाल्या. सृष्टी नवऱ्याच्या हातावर हात ठेवून म्हणाली, “मी रजा काढते. मी येईन हिंडायला.”

ती खरंच आली. एप्रिलच्या उन्हात सासू-सुना रिक्षानं अक्कलकोट रस्ता, कुंभारीची बाजू पालथी घालत होत्या. शेवटी एका मास्तरांच्या बंगल्याच्या मागची दोन खोल्यांची जागा मिळाली. पुढं शहाबादी फरशी, एक कडुलिंब, विटांची भिंत. मास्तरांच्या बायकोनं कुत्र्याला बघून नाक मुरडलं, मग भाडेकरू बाई एकटी आणि शाकाहारी आहे म्हणून हो म्हटलं. जूनमध्ये मुलगा-सून गेली. विमानतळावर पोचवायला चंद्रिकाबाई गेल्या नाहीत. मोकाला नवी जागा रुळली नव्हती.

जिने गेले, पण बाकीचं सगळं राहिलं. सकाळी त्याला बाहेर काढणं, त्याचा भात, त्याच्या कानातलं औषध. मोकाचे मागचे पाय आता धरायला लागले आहेत; डॉक्टर म्हणतात, याला फार एकटं ठेवू नका. चंद्रिकाबाई बाजारात गेल्या तरी त्यांचं चित्त घड्याळात असतं. कुणी त्यांना सुटलात असं म्हटलं तरी सुटल्यासारखं त्यांना वाटत नाही. एक फरक मात्र पडला. त्या मागायला लागल्या. मास्तरांच्या बायकोला त्यांनी स्वतःहून जाऊन विचारलं, महिन्यातून एकदा माझ्या कुत्र्याजवळ बसाल काय? ती बाई एवढी चकित झाली, की हो म्हणाली.

गेल्या महिन्यात त्या विजापूरला बहिणीकडं गेल्या. संध्याकाळच्या गाडीनं परतायचं ठरलं होतं. बहिणीनं शेवयांची खीर केली होती, भाचेसुना भोवती बसल्या होत्या, आणि चार वाजता फोन आला. मास्तरांची बायको म्हणाली, “तो फाटकाकडं तोंड करून बसलाय. भात तसाच आहे.”

चंद्रिकाबाई उठल्या, पिशवी उचलली. बहिणीनं वाटी खाली ठेवली. चंद्रिकाबाईंनी पिशवी परत खाली ठेवली. मग फोनवर म्हणाल्या, “आज बसू दे त्याला. रात्रीचं पाणी तेवढं भरून ठेवा. मी उद्या येते.”

रात्री त्यांना झोप लागेल असं वाटलं नव्हतं, लागली. सकाळी उठून त्यांनी पूजा केली, बहिणीच्या हातचं उप्पीट खाल्लं, दुसऱ्यांदा चहा मागून घेतला आणि मग स्टँडवर गेल्या. बस भरलेली होती. सोलापूर येईपर्यंत त्या उभ्याच होत्या, आणि वाटेत टाकळी गाव मागं पडल्यावर त्या कंडक्टरला म्हणाल्या, “जरा लवकर घ्या की हो. माझं बाळ वाट बघायलंय.”